मायचा जुना फोन नवीन राऊटरला जोडतच नाही, पासवर्ड बरोबर असूनही

तापीकाठ

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात. मायकडे २०१६ मध्ये घेतलेला फोन आहे, अँड्रॉइड ६ वर चालणारा. त्यात आता सिम नाही, घरच्या वायफायवरच चालतो. बहीण सुरतला दिली आहे, तिच्याशी रोज दिवे लागणीला व्हिडिओ कॉल आणि दुपारी कीर्तन, एवढंच त्याचं काम.

मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि जुना राऊटर गेला. केबलवाल्याने नवीन बसवून दिला. घरातल्या सगळ्या वस्तू परत जोडत बसायला नको म्हणून मी वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही जुनेच ठेवले. माझा फोन, भावाचा लॅपटॉप, टीव्ही सगळं आपोआप जोडलं गेलं. मायचा फोन मात्र घ्यायला तयार नाही. ‘जोडत आहे’ असं येतं, मग ‘प्रमाणीकरण समस्या’, आणि शेवटी नुसतं ‘जतन केले’ म्हणून बसून राहतो. नेटवर्क ‘विसरा’ करून पासवर्ड नव्याने टाकला, राऊटर बंद करून चालू केला, फोनही केला. काही फरक नाही.

नवीन फोन घेऊन द्या, असं कृपया सुचवू नका. पैशाचा प्रश्न नाही. माय शाळेत गेलेली नाही. या फोनवर कुठलं चित्र कुठे आहे ते तिच्या बोटांना पाठ आहे. दुसऱ्या रांगेतलं हिरवं चित्र, त्यात सगळ्यात वरचा फोटो म्हणजे तिची लेक. हे सगळं तिला पुन्हा नव्याने शिकावं लागू नये, म्हणून हाच फोन चालू करायचा आहे.

पुण्यातला खान्देशी

पासवर्डच काढून टाका. खेड्यात कोण येतंय तुमचं वायफाय वापरायला? फोन जोडला गेला की प्रश्न मिटला.

धुळ्याचा नेटवर्कवाला

हे अजिबात करू नका. कनेक्शन तुमच्या नावावर, तुमच्या आधारवर आहे. बाहेर ओट्यावर बसून कोणी त्यावरून काही उद्योग केला, तर विचारपूस आधी तुमच्याकडे होणार. शिवाय बिनपासवर्डच्या वायफायवर फोन आणि राऊटर यांच्यातला मजकूर हवेत उघडा जातो. बऱ्याच वेबसाइट आणि व्हॉट्सॲप मजकूर स्वतःच कुलूपबंद करून पाठवतात हे खरं, पण म्हणून घराचं दार सताड उघडं ठेवायचं कारण नाही.

तपासणीपुरता याचा उपयोग मात्र होतो. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढायची सोय असते, ‘गेस्ट’ नावाची. ते पाच मिनिटं बिनपासवर्डचं चालू करा आणि मायचा फोन त्याला जोडून बघा. जोडला गेला तर फोनचा रेडिओ ठीक आहे आणि भांडण फक्त सुरक्षेच्या पद्धतीवरून आहे, एवढं पक्कं कळतं. बघून झालं की लगेच बंद करा.

अमळनेरची बाई

मी शाळेत शिकवते, म्हणून एक वेगळी शक्यता सांगते. फोनची भाषा मराठी आहे का? आमच्याकडे एका पालकांचा फोन असाच अडला होता. पासवर्डमध्ये शेवटी वर्ष होतं. कीबोर्ड मराठी असल्यामुळे त्यांनी टाकलेले आकडे देवनागरी होते, आणि राऊटरला हवे होते इंग्रजी. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातच येत नव्हतं. आपल्याला दोन्ही नऊ सारखेच वाटले तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

वायफायच्या नियमाप्रमाणे पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असतो आणि तो साध्या इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांतच लिहायचा असतो. तेव्हा ‘पासवर्ड दाखवा’वर खूण करा आणि एकेक अक्षर डोळ्यांनी वाचून घ्या. पहिलं अक्षर आपोआप मोठं होणं, सुचवलेला शब्द निवडल्यावर मागे एक रिकामी जागा राहणं, हेही फार होतं. तुमचा फोन अँड्रॉइड १० किंवा पुढचा असेल तर त्यात वायफाय ‘शेअर करा’ दाबल्यावर चौकटीचा कोड येतो. बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्ड स्पष्ट लिहिलेला असतो. तो समोर ठेवून मायच्या फोनमध्ये टाका.

तापीकाठ

बाई, भाषा मराठीच आहे. कीबोर्ड इंग्रजी करून, पासवर्ड दाखवत, अक्षर न् अक्षर ताडून टाकला. तरी तेच. म्हणजे पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, असं आता खात्रीने सांगतो.

शहाद्याचा शेतकरी

भाऊ, आम्हना घर बी असंच व्हयनं व्हतं. आमचं जुनं धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती हातभर जाड. राऊटर पुढच्या खोलीत, आणि आईचं सगळं मागच्या पडवीत. तिथे फोनवर एक दांडी दिसायची, पण जोडायला गेलं की ‘प्रमाणीकरण समस्या’. फोन राऊटरजवळ आणला की चटकन जोडला जायचा. मायचा फोन राऊटरच्या शेजारी उभं राहून एकदा बघा.

भुसावळचा कारागीर

शहाद्याच्या भाऊंनी सांगितलं ते खरं आहे. माझं फोन दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फोन वायफायला जोडला जातो तेव्हा एकामागोमाग चार गोष्टी होतात. आधी फोनला नेटवर्क दिसावं लागतं. मग पासवर्ड न पाठवता तो आपल्याला ठाऊक आहे हे फोन आणि राऊटर एकमेकांना पटवून देतात. त्यासाठी दोघांत चार निरोप जातात-येतात. त्यानंतर राऊटर फोनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, देतो. आणि शेवटी इंटरनेट सुरू होतं. फोन कुठल्या पायरीवर अडला ते पडद्यावरच्या शब्दावरून कळतं. नावच दिसत नसेल तर अडचण पहिल्या पायरीवर. ‘प्रमाणीकरण समस्या’ आली तर दुसरीवर. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ म्हणून गोल फिरत राहिला तर तिसरीवर. ‘जोडले’ असं दाखवूनही काही उघडत नसेल तर चौथीवर. माझ्या दुकानात येणारे लोक नुसतं ‘वायफाय लागत नाही’ म्हणतात. मी आधी तो शब्द वाचून दाखवायला सांगतो, कारण पुढचा सगळा रस्ता त्या शब्दावरून ठरतो.

तुमचा फोन दुसऱ्या पायरीवर अडलाय. लोकांना ‘प्रमाणीकरण समस्या’ म्हणजे पासवर्ड चुकला असं वाटतं, आणि ते दिवसभर पासवर्ड टाकत बसतात. खरं तर त्या चार निरोपांतला एखादा पोचला नाही तरी फोन तेच शब्द दाखवतो. सिग्नल अशक्त असला तर निरोप गळतो. आणि राऊटर ज्या पद्धतीने बोलतोय ती फोनला कळत नसली, तरीही तेच शब्द येतात.

मला तुमच्या बाबतीत हे शेवटचं कारण वाटतंय, कारण राऊटर बदलल्यावरच हे सुरू झालं. वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए-२ ही पद्धत २००४ ची. डब्ल्यूपीए-३ आली २०१८ मध्ये, आणि अँड्रॉइडमध्ये ती अधिकृतपणे आली २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून. मायचा फोन अँड्रॉइड ६ चा, म्हणजे त्याला ही तिसरी पद्धत ठाऊकच नाही. नवीन राऊटर बहुतेक वेळा ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३ मिश्र’ असा लावून येतो. कागदावर मिश्र पद्धतीत जुन्या फोनला अडचण यायला नको. प्रत्यक्षात काही जुन्या फोनच्या वायफाय चिपचं सॉफ्टवेअर राऊटरने पाठवलेली ती दुहेरी यादी वाचताना गडबडतं आणि मध्येच सोडून देतं. राऊटर निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर असेल तर प्रश्नच मिटला, असा फोन कधीच जोडला जाणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, पीएमएफ. फोनला ‘आता निघ’ किंवा ‘जोडणी तोड’ असं सांगणारे राऊटरचे निरोप कोणी बाहेरच्याने खोटे पाठवू नयेत, म्हणून केलेली ती व्यवस्था. डब्ल्यूपीए-३ मध्ये ती सक्तीची आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये ऐच्छिक असते, पण काही राऊटरवर तिथेही ‘आवश्यक’ लावलेली सापडते. मग जुना फोन दारातूनच परत जातो.

आता दोन गोष्टी करा. फोन राऊटरपासून हातभर अंतरावर धरून जोडून बघा. आणि तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून मायचा फोन त्याला जोडा. हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि बँड, म्हणजे वायफायची लहरपट्टी, २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, नाहीतर तिथेही हाच गोंधळ होईल. हॉटस्पॉटला जोडला गेला तर फोन उघडायची गरज नाही, जे काही करायचं ते राऊटरमध्ये.

तापीकाठ

कारागीरभाऊ, खूप आभार. दोन्ही करून पाहिलं. राऊटरला चिकटून धरला तरी तेच. माझ्या हॉटस्पॉटला मात्र लगेच जोडला गेला! माय शेजारीच बसली होती, तिने लगेच हिरवं चित्र दाबलं आणि बहिणीला कॉल लावला. पण मी शेतात गेलो की हॉटस्पॉट माझ्याबरोबर जातो, त्यामुळे हा कायमचा उपाय नाही.

धुळ्याच्या भाऊंनी सांगितलेलं बिनपासवर्डचं गेस्ट नेटवर्कही बघितलं असतं, पण राऊटरचं पान उघडायचा पासवर्ड केबलवाल्याकडे आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, बाकी सगळं चालतंय ना, मग फोन खराब आहे, बदलून टाका.

केळीबाग रावेर

हे ऐकून वाईट वाटलं. घरात राऊटर लावून गेलेल्या माणसानेच असं सांगितलं की साधा माणूस खरंच फोन टाकून देतो. आमच्या गल्लीत दोन चांगले फोन असेच पाच-सातशे रुपयांना गेले.

धुळ्याचा नेटवर्कवाला

हॉटस्पॉटला जोडला गेला म्हणजे फोन निर्दोष आहे. केबलवाल्याला आता ‘वायफाय लागत नाही’ असं सांगू नका. त्याला नेमकं सांगा, ‘२.४ चं नाव वेगळं करा, त्यावर निव्वळ डब्ल्यूपीए-२ एईएस लावा आणि पीएमएफ बंद करा’. एईएस म्हणजे मजकूर कुलूपबंद करायची पद्धत. एवढं नेमकं सांगितलं की माणूस ऐकतो, कारण हे दोन-चार मिनिटांचं काम आहे आणि तो ते आपल्या ऑफिसात बसूनही करू शकतो.

राऊटरच्या पानाचा पासवर्ड तुम्हाला मिळाला तर स्वतःच करा. राऊटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. आत वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाचा भाग असेल.

तिथे आधी बघायचं ते म्हणजे दोन्ही बँडचं नाव एकच आहे का. हल्लीचे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने दाखवतात आणि कोणी कुठे जोडायचं ते स्वतः ठरवतात. मायचा फोन बहुधा फक्त २.४ वाला असेल, त्या काळचे स्वस्तातले बहुतेक फोन तसेच होते. त्याला ५ चं काही दिसतच नाही. तेव्हा ही एकत्र नावाची सोय बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या. नाव साधं इंग्रजीत ठेवा. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं एकेक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट खाते, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं बसतात. शिवाय जुन्या फोनवर ती कधी कधी नीट दिसत नाहीत.

सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए-२ पर्सनल’ आणि ‘एईएस’ निवडा. टीकेआयपी दिसेल, त्याला हात लावू नका. ती पद्धत जुनी, कच्ची आहे, आणि ती लावली की वायफायचा वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. डब्ल्यूईपी ही सुरक्षेची त्याहूनही जुनी पद्धत, ती तर कुठेच वापरू नका. पीएमएफ बंद किंवा ऐच्छिक ठेवा. मोडमध्ये ‘एएक्स’ असेल, म्हणजे वायफाय ६, तर २.४ वर ते काढून बी/जी/एन ठेवा. काही जुन्या उपकरणांना एएक्सच्या घोषणा वाचताच येत नाहीत. चॅनलची रुंदी २० आणि चॅनल १, ६ किंवा ११. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल चालतात, पण बाहेरून आणलेल्या काही फोनना १२ आणि १३ दिसतच नाहीत, म्हणून ते टाळलेले बरे.

५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए-३ आहे तसंच राहू द्या. तुमचा आणि भावाचा फोन, लॅपटॉप तिथे चांगला चालतो. एका जुन्या फोनसाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणायची गरज नाही, त्याला त्याची वेगळी वाट द्यायची.

अमळनेरची बाई

मागच्या बाजूला डब्ल्यूपीएसचं बटण असलं तर? आमच्या जुन्या फोनमध्ये ती सोय होती. बटण दाबलं की पासवर्ड न टाकता जोडला जायचा.

धुळ्याचा नेटवर्कवाला

बाई, बटणाने पासवर्ड टाकायचे कष्ट वाचतात, पण पुढची बोलणी त्याच पद्धतीने होतात. त्यामुळे इथला अडथळा तसाच राहील. शिवाय डब्ल्यूपीए-३ बरोबर डब्ल्यूपीएस चालत नाही, आणि अँड्रॉइड ९ पासून गूगलनेच ते फोनमधून काढलं. त्यातली आकड्यांच्या पिनची पद्धत फोडता येते हे २०११ मध्येच उघड झालं होतं. तेव्हा राऊटरमध्ये ते बंदच असू द्या.

तापीकाठ

सगळ्यांना सांगायला आलो. केबलवाल्याला तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला दुपारी करतो, आणि केलंही. राऊटर खरंच मिश्र पद्धतीवर होता. आता २.४ चं नाव वेगळं आहे, निव्वळ डब्ल्यूपीए-२.

मायच्या फोनमध्ये नवीन नाव दिसलं, पासवर्ड टाकला आणि ‘जोडले’ आलं! पण आता दुसरंच सुरू झालंय. व्हॉट्सॲप नुसतं ‘कनेक्ट करत आहे’ म्हणत राहतं, आणि क्रोममध्ये काहीही उघडलं की ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा लाल पडदा येतो. बाकीचे फोन याच नावाला जोडून पाहिले, त्यांच्यावर सगळं उघडतं. काल हॉटस्पॉटवर तर हाच फोन चालत होता.

भुसावळचा कारागीर

वा, म्हणजे मुख्य गाठ सुटली. आता तुम्ही चौथ्या पायरीवर आहात. फोन वरून खाली ओढा आणि तारीख काय दिसते ते सांगा. मधल्या काळात बॅटरी पूर्ण उतरली होती का?

तापीकाठ

कमाल झाली. तारीख १ जानेवारी २०१५ दाखवतोय! रात्री लाइट गेली होती, फोन चार्जिंगला लावलेला तसाच मेला आणि सकाळी उठवला.

भुसावळचा कारागीर

तेच कारण. जुन्या फोनची बॅटरी पार तळाला गेली की आतलं घड्याळ थांबतं आणि चालू झाल्यावर फोन कुठल्यातरी जुन्या तारखेपासून मोजायला लागतो. सिम असतं तर टॉवरकडून वेळ मिळाली असती. ते नाही, आणि बहुतेक ‘आपोआप तारीख व वेळ’वरची खूणही काढलेली असेल.

घरगुती वायफायला जोडायला तारखेचं काही लागत नाही, म्हणून ‘जोडले’ आलं. पण प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. फोनच्या मते आज २०१५ आहे. मग त्याला आजचं प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं दिसतं आणि तो उघडायला नकार देतो. व्हॉट्सॲपचंही तेच. सेटिंगमध्ये जाऊन तारीख, वेळ नीट लावा आणि ‘आपोआप’वर खूण करा. टाइम झोन भारताचा आहे ना तेही बघा.

तरीही एखादी वेबसाइट तोच लाल पडदा दाखवेल, आणि त्याचं कारण वेगळं असेल. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था लाखो वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देते. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नाही. जुन्या एका प्रमाणपत्राच्या आधारावर ते फोन चालवून घेतले जात होते, तो आधारही ३० सप्टेंबर २०२४ ला संपला. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून त्या फोनला चालणारी त्याची आवृत्ती आधीपासून असेल तर त्यात बघता येतं. मायला कॉल आणि कीर्तनच हवं असेल तर तिला याचा त्रास होऊ नये.

तापीकाठ

लागला! तारीख लावली आणि पुढच्याच मिनिटाला साठलेले निरोप धडाधड आले. मायने कॉल लावला. भाचीने तिकडून नवीन दप्तर दाखवलं, आतले कप्पे उघडून एकेक करून. माय फोन अगदी नाकाजवळ धरून बघत होती आणि मध्येच मला म्हणाली, ‘चेन बारकी शे, तुटी जाई.’ फोन बिघडला होता हे ती विसरूनही गेली होती.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक शंका. इतका जुना फोन घरच्या वायफायवर ठेवणं बाकीच्यांसाठी धोक्याचं आहे का?

धुळ्याचा नेटवर्कवाला

प्रश्न योग्य आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा आणि अँड्रॉइड सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची, तारीख बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधली एक त्रुटी जाहीर केली. कारागीरभाऊंनी सांगितलेल्या चार निरोपांतला तिसरा पुन्हा पुन्हा पाठवून फोनला जुनीच किल्ली परत वापरायला लावता येते, असं त्यांनी दाखवलं. अँड्रॉइड ६ वर तर सगळी शून्यं असलेली किल्ली बसत होती. त्यावरचा उपाय ६ नोव्हेंबर २०१७ च्या पॅचमध्ये आला. तुमच्या फोनची तारीख त्याच्या आधीची असली तर ती त्रुटी त्यात आहे असं धरून चाला.

घाबरून जाण्यासारखं नाही. हा हल्ला करणारा तुमच्या वायफायच्या टप्प्यात प्रत्यक्ष यावा लागतो, आणि व्हॉट्सॲपचा कॉल आतून वेगळा कुलूपबंद असतो. पण त्या फोनमध्ये बँक, यूपीआय, ईमेल काही ठेवू नका. राऊटरवर गेस्ट नेटवर्कला निव्वळ डब्ल्यूपीए-२ लावता येत असेल तर फोन तिथेच हलवा, पासवर्ड लावून. गेस्टवरच्या वस्तूंना घरातल्या बाकीच्या वस्तू दिसत नाहीत, इंटरनेट तेवढं मिळतं. फक्त फोनवरून टीव्हीवर काही टाकायचं असेल तर ते मग होणार नाही.

तापीकाठ

पॅच मे २०१७ चा निघाला. गेस्टवर हलवतो. टीव्हीवर टाकायचं काम मायला नसतंच.

केळीबाग रावेर

धागा वाचून माझं दुखणंही मांडतो. माझा जुना फोन मध्यंतरी दुकानात सॉफ्टवेअर मारून आणला. तेव्हापासून वायफायच्या यादीत सगळ्यात वर ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ असं एक नेटवर्क दिसतं. तसं कोणाचंच वायफाय आमच्या भागात नाही. घरी कधी जोडला जातो, कधी नाही. बागेतल्या पंपघरातही राऊटर आहे, तिथे फक्त ठरलेलेच फोन चालतील असं लावून ठेवलंय. तिथे तर एकदाही जोडला गेला नाही.

भुसावळचा कारागीर

ते नेटवर्क नाहीच. मीडियाटेक चिपच्या फोनमध्ये एक राखीव जागा असते. फोनचा स्वतःचा वायफाय पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तिथे लिहिलेले असतात. सॉफ्टवेअर मारताना ती जागा पुसली गेली की फोन यादीतच ती सूचना दाखवतो. मग त्याला खरा पत्ता राहत नाही, आणि चालू करताना तो काहीतरी वेगळाच पत्ता घेतो.

तुमच्या दोन्ही तक्रारी त्यातून येतात. पंपघरात तुम्ही मॅक पत्ते नोंदवून ठेवले आहेत, आणि हा फोन दर वेळी अनोळखी पत्त्याने जातो, म्हणून राऊटर त्याला घेत नाही. आणि घरी? तिथे ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं येतं का?

केळीबाग रावेर

हो, अगदी तेच शब्द! घरी चार सीसीटीव्ही पण त्याच राऊटरवर आहेत.

भुसावळचा कारागीर

मग तिथे पत्ते संपत असणार. प्रत्येक रिस्टार्टला तुमचा फोन राऊटरला नवा पाहुणा वाटतो आणि राऊटर त्याच्या नावाने नवा आयपी पत्ता अडकवून ठेवतो. डीएचसीपी म्हणजे राऊटरची आयपी पत्ते वाटायची सोय. तिच्या पानावर पत्त्यांची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो. तो आवाका लहान असेल तर वाढवा, शेवट २०० पर्यंत नेला तरी चालतं. आणि पत्ता किती वेळ राखायचा तो काळ कमी करा, काही तासांवर आणा. घरचं काम तेवढ्याने भागेल.

पंपघरासाठी मात्र फोनचा मूळ पत्ता परत लिहावा लागेल. ज्याच्याकडे सॉफ्टवेअर मारलं त्याच्याकडे आधीचा बॅकअप आहे का ते विचारा, असेल तर काम सोपं आहे. नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात जा. फोनचा खोका जपून ठेवला असेल तर तो बरोबर न्या, त्यावर आयएमईआय छापलेला असतो. *#०६# दाबून फोन कुठला नंबर दाखवतो ते आधी बघा, हेही आकडे इंग्रजीतच दाबायचे. तो खोक्यावरच्या नंबरशी जुळत नसेल तर कोणी ‘दुसरा नंबर टाकून देतो’ म्हटलं तरी ऐकू नका, आयएमईआय बदलणं गुन्हा आहे. तोपर्यंत पंपघरात मॅक पत्त्यांची ती यादी बंद करून चांगला लांब पासवर्ड ठेवला तरी चालेल. ती यादी तशीही फार मोठी राखण करत नाही, पत्ता नक्कल करता येतो.

केळीबाग रावेर

खोका माळ्यावर आहे, उद्या काढतो. पत्त्यांचा आवाका बघितला, १०० ते ११० एवढाच होता. वाढवला, आणि फोन आत्ता जोडला गेला.